घरीं बांधलेल्या प्रवासगाडीची कडपट्टी

मोटारीमागें जोडावयाची, आसवाच्या थेंबासारखी दिसणारी निजण्याची गाडी अमेरिकेंत १९३० नंतर पुष्कळांनीं घरच्या घरीं बांधली, आजही बांधतात. बाजू प्लायवुडच्या, वर ॲल्युमिनियमचा पत्रा. हीं दोन जेथें मिळतात ती कड हेंच तिचें मर्मस्थान. तेथून पाणी शिरलें कीं प्लायवुडचे थर सुटूं लागतात, आणि बाहेरून बराच काळ कांहींच दिसत नाहीं.

या कडेवरची पट्टी केवळ शोभेची, असा समज आढळतो; मला तो मान्य नाहीं. मात्र खरें पाणी अडविते ती पट्टीखालीं दाबलेली ब्यूटिल रबराची चिकट फीत. ती मऊ राहते, आणि तें अवश्यच आहे. ३ मीटर लांबीची ॲल्युमिनियमची पट्टी ३० अंश सेल्सिअसनें तापली तर सुमारें २ मिलिमीटर वाढते; लांकूड त्या मानानें फारच थोडें. कडक लुकण या ओढाताणींत तडकतें.

पट्टी वळणावर हळूहळू वांकवावी; एकदम जोर केल्यास ती मुरगळते. भोकें आधीं पाडावीं, आणि एका टोकापासून स्क्रू पिळीत जावें. दोन्हीं टोकांकडून मध्यें आल्यास मधोमध फुगवटा राहतो. स्क्रू न गंजणाऱ्या पोलादाचे घ्यावे. बाहेर आलेली फीत लगेच कापूं नये. एकदोन उन्हें खाऊं द्यावीं, स्क्रू पुन्हां आंवळावे, मग कापावी.