वाफसा : खेळपट्टीच्या परीक्षेस उपयुक्त अशी एक शेतकी संज्ञा

मंगळवेढ्याच्या शिवारातील रब्बी ज्वारी ही पावसाच्या सरींवर नव्हे, तर काळ्या जमिनीने पोटात साठविलेल्या ओलीवर पोसली जाते. पेरणीचा काळ पंचांगाने सुचविला, तरी पाभर केव्हा धरावयाची हे माती ठरविते. पावसानंतर माती पायास चिकटेनाशी झालेली असते, पण अद्याप टणक झालेली नसते. या मधल्या अवस्थेस शेतकरी ‘वाफसा’ म्हणतो. मूठभर माती दाबून गोळा करावा. तो खाली पडताच फुटला, तर वाफसा आला असे समजावे. झटपट क्रिकेटमध्ये अनोळखी खेळपट्टीवर डावाचा आरंभ कसा करावा, या प्रश्नाचे मर्म या संज्ञेत सापडते.

खेळपट्टी ही देखील मातीच होय. काळ्या मातीतील चिकण अंश ओलीने फुगतो आणि वाळल्यावर आकसतो. अशा खेळपट्टीवर चेंडू सामान्यतः कमी उसळतो व थांबून येतो; ती कोरडी पडल्यास वळूही लागतो. तांबड्या मातीवर उसळी बहुधा अधिक मिळते. तेथे आडव्या बॅटीचे फटके फळतात. काळीवर मात्र चेंडू शरीराजवळ येऊ देऊन उशिरा, सरळ बॅटीने खेळणे हिताचे ठरते.

तथापि शेतकऱ्यास थांबता येते, तसे फलंदाजास येत नाही. वीस षटकांच्या सामन्यात पहिल्या 6 षटकांपुरतेच, म्हणजे 36 चेंडूंपुरतेच, वर्तुळाबाहेर केवळ 2 क्षेत्ररक्षक असतात. परीक्षेत चेंडू दवडले तर ही सवलत निसटते. परीक्षेवाचून बॅट फिरविली तर गडी जातात.

15 मार्च 2016 रोजी नागपूर येथे झालेला विश्वचषकातील सामना या दृष्टीने उद्बोधक आहे. न्यूझीलंडच्या गप्टिलने पहिल्याच चेंडूवर षटकार मारला व दुसऱ्यावर तो पायचीत झाला. पुढे अँडरसनने 42 चेंडूंत 34 धावा केल्या. ही गती मंद खरी. परंतु त्या सामन्यातील तीच सर्वोच्च वैयक्तिक धावसंख्या ठरली. न्यूझीलंडने 7 बाद 126 धावा केल्या. भारताचा डाव 79 धावांत आटोपला. त्यांपैकी 9 गडी फिरकी गोलंदाजांनी टिपले. पाहुण्या संघाने साऊदी व बोल्ट या आपल्या प्रमुख वेगवान गोलंदाजांना वगळून तीन फिरकी गोलंदाज खेळविले होते. मैदान परके असूनही त्याची माती त्यांनी ओळखली. यजमानांना मात्र घरची माती त्या दिवशी परकीच ठरली.

यावरून एवढे निष्पन्न होते की, खेळपट्टीचा परिचय हा तेथील वास्तव्याने नव्हे, तर त्या दिवशीच्या निरीक्षणाने होतो. पहिल्या दोन षटकांत उसळी, वेग व वळण पारखावे. पारख चालू असता एकेरी धावा घेत राहावे. समोरच्या टोकाच्या जोडीदाराने आपले निरीक्षण दुसऱ्यास सांगावे. आणि कोणता फटका वर्ज्य, हे आधी निश्चित करावे. वाफसा म्हणजे निष्क्रिय प्रतीक्षा नव्हे. पाभर हाती घेऊन केलेली ती मातीची परीक्षा होय.