मावशीच्या पुस्तकाची वाचनखूण

माझी मावशी सौंसरची. शाळेत मराठी शिकवून निवृत्त झाली आणि गेल्या वर्षी तिने स्वतःच्या पैशाने कवितांचं छोटंसं पुस्तक काढलं. प्रकाशक नाही, वितरक नाही. आयएसबीएन क्रमांक तेवढा आहे, तो आपल्याकडे सरकारी यंत्रणेकडून फुकट मिळतो. पाचशे प्रती छापल्या, त्यातल्या चारशेच्या वर दिवाणाखाली. आपल्या मंडळातल्या दोघातिघांची पुस्तकं याच वाटेवर आहेत, म्हणून हा वाचनखुणेचा अनुभव जरा सविस्तर लिहिते.

आधी आमच्या भागाविषयी. 1956 ला विदर्भाचे जिल्हे मुंबई राज्यात गेले, छिंदवाडा मध्य प्रदेशात राहिला. 2023 मध्ये त्यातून पांढुर्णा वेगळा जिल्हा झाला आणि सौंसर त्यात आलं. घरात, बाजारात, संत्र्याच्या बगीच्यात मराठी चालते, पण कचेरीतली आणि छापखान्यातली भाषा हिंदी. मराठी पुस्तकं आम्ही नागपूरहून आणतो. मग मावशीचं पुस्तक ठेवायचं कुठल्या दुकानात? पत्रक वाटलं तर लोक त्यात शेंगदाणे बांधतात. वाचनखूण मात्र कामाची वस्तू असल्यामुळे राहते, असा माझा हिशोब.

पांढुर्ण्यातल्या एका दुकानात तीनशे छापायला दिल्या. मजकूर मी व्हॉट्सॲपवर पाठवला. तिथल्या संगणकावर जुन्या पद्धतीचा हिंदी फॉन्ट, त्यात युनिकोड मजकूर चिकटवला की अक्षरांचा काला होतो. म्हणून ऑपरेटरने सगळं पुन्हा टाइप केलं. प्रूफ आलं ते मी बसमध्ये, मोबाईलवर पाहिलं आणि "ओके" लिहून मोकळी झाले. पुस्तकाच्या नावात 'मळा' हा शब्द आहे. छापून आला 'मला'.

हिंदीच्या सवयीच्या हाताने ळ चा ल होतो, यात त्या मुलाची फारशी चूक नाही. पाहणं माझं काम होतं. मावशीने एक खूण हातात घेतली, चष्मा लावला आणि म्हणाली, "अवो बाई, तीस वर्षं पोरायला ळ शिकवला म्या. आता माह्याच नावाखाली हे वाटू काय?" पेनाने दुरुस्त करू म्हटलं, तर वर लॅमिनेशन. शाई टिकेना.

दुसऱ्या वेळी मजकूर आम्हीच जुळवला. मराठीतला ल आणि श हिंदीपेक्षा वेगळ्या वळणाचा असतो, आणि 'दुसऱ्या'मधला आडवा र हिंदीत लागतच नाही. त्यामुळे फॉन्ट मराठीचा हवा. 'तिरो देवनागरी' हा फुकट मिळणारा फॉन्ट मराठी आणि हिंदीसाठी वेगवेगळा केलेला आहे, आम्ही मराठीवाला घेतला. मजकूर नक्की झाल्यावर अक्षरांचं आकृतीत रूपांतर करायचं, ज्याला दुकानदार 'कर्व्ह करणं' म्हणतात, आणि पीडीएफ द्यायची. मग दुकानात फॉन्ट असो नसो, अक्षर हलत नाही. व्हॉट्सॲपवर पाठवायचीच तर फोटो म्हणून नको, डॉक्युमेंट म्हणून पाठवा. आणि प्रूफ कागदावर काढून, ज्याने मजकूर लिहिलेला नाही अशा माणसाला मोठ्याने वाचायला लावा.

आकाराचं गणित मला फार आवडलं. डिजिटल छपाईचा कागद साधारण 12 बाय 18 इंचाचा असतो. आमची पहिली खूण 2 बाय 6 इंच होती. कापताना कडेला पांढरी रेघ राहू नये म्हणून चारही बाजूंनी 3 मिलिमीटर रंग जास्त सोडावा लागतो. तो धरला की उभ्या ओळींत एका कागदावर दहाच बसतात, दोन आडव्या कोंबल्या तर बारा. लांबी साडेपाच इंच केली आणि सरळ पंधरा बसल्या! तीनशेला वीस कागद. दर कागदावर लागतो, त्यामुळे अर्ध्या इंचात बरेच पैसे वाचले.

रंगाने मात्र रडवलं. संत्र्याच्या गावचं पुस्तक, म्हणून नारिंगी रंग. पडद्यावर तो दिव्यासारखा झळकतो. कागदावर चार शायांतून येताना मंद होतोच, त्यात निळ्या शाईचा अंश मिसळला की विटकरी दिसतो. फाइल सीएमवायकेमध्ये करून निळा आणि काळा शून्य, पिवळा शंभर, मॅजेंटा पन्नास-साठच्या दरम्यान ठेवला, तेव्हा कुठे संत्रं संत्र्यासारखं दिसलं.

कागद 300 जीएसएमचा. लॅमिनेशन एकाच बाजूला केलं तर खूण वाकते, म्हणून या वेळी केलंच नाही. मागची बाजू कोरी ठेवली, तिथे वाचणारा शब्दाचा अर्थ लिहील नाहीतर किराण्याची यादी. पुढे चार ओळींची एक कविता, पुस्तकाचं नाव आणि फोन नंबर. मावशीचा फोटो, परिचय, पुरस्कार हे सगळं मी गाळलं, त्यावर घरात दोन दिवस अबोला होता. क्यूआर कोड टाकणार असाल तर दोन सेंटिमीटरपेक्षा लहान नको, भोवती पांढरी जागा सोडा, आणि मुदत संपणारा फुकटचा कोड घेऊ नका. आम्ही टाकलाच नाही. मावशीला फोनवर बोलायला आवडतं.

वाटपही तिनेच केलं. ओळखीच्या शाळांच्या ग्रंथालयांत जाऊन मराठी पुस्तकांत एकेक ठेवून आली. पोळ्याला घरी आलेल्या प्रत्येकाच्या हातात एक दिली. आतापर्यंत अकरा प्रती गेल्या. फोन त्याहून जास्त आले, बरेचसे जुन्या विद्यार्थ्यांचे, पुस्तकाविषयी न बोलता तासभर बोलणारे. 'मला'चा गठ्ठा अजून दिवाणाखालीच आहे. फेकू का विचारलं तर म्हणाली, "राहू दे, पोरायला चूक शोधाले देईन."