धार सर्वांत शेवटी पाहावी

स्वीडनच्या हेल्सिंगलँड प्रांतातल्या ग्रेन्सफोर्श गावात 1902 पासून कुऱ्हाडी घडतात. 'ग्रेन्सफोर्श ब्रुक' हे त्या कारखान्याचे नाव. तिथल्या प्रत्येक कुऱ्हाडीच्या पात्यावर दोन खुणा असतात. एक कारखान्याचा मुकुट, आणि त्याच्या शेजारी ती कुऱ्हाड घडवणाऱ्या लोहाराची आद्याक्षरे. ही दुसरी खूण मला फार मोलाची वाटते. आपल्याकडे गावचा लोहार गिऱ्हाइकाच्या ओळखीचा असे. कुऱ्हाडीचे पाणी, म्हणजे पोलादाला दिलेला कडकपणा, चुकले तर ती घेऊन पुन्हा त्याच्याच भात्याशी जाता येई. शेकडो कोसांवरच्या गिऱ्हाइकाचीही तशीच जबाबदारी घेण्याचा हा मार्ग आहे.

ग्रेन्सफोर्शमध्ये हे पूर्वीपासून असे नव्हते. नगावर मजुरी मिळायची तेव्हा लोहाराचे हित भराभर ठोकण्यात होते. घडाईतले दोष मग घासून, चकाकी आणून, रंग देऊन झाकले जात. गाब्रिएल ब्रॉन्बी यांनी ऐंशीच्या दशकात कारखाना हाती घेतल्यावर नगावरची मजुरी बंद केली आणि वरची सफाईही काढून टाकली. घाव नीट बसले असतील तर झाकायचे काय? म्हणून आज या कुऱ्हाडीवर घणाच्या खुणा आणि भट्टीचा काळसरपणा तसाच दिसतो. महाग कुऱ्हाड आरशासारखी लखलखावी अशी अपेक्षा असणाऱ्याला ती ओबडधोबड वाटेल. पण लपवलेले काही नाही, हा तिचा पहिला गुण.

अशी कुऱ्हाड हातात आली की लोक सर्वांत आधी धार बघतात. ग्रेन्सफोर्शची 'स्मॉल फॉरेस्ट अ‍ॅक्स' घ्या: दांडा जेमतेम अर्ध्या मीटरचा, एकूण वजन किलोच्या आसपास, धार सुमारे आठ सेंटिमीटर. मनगटावरचे केस भादरले जातात, कागद सर्रकन चिरतो आणि माणूस खूश होतो. माझे म्हणणे असे, की ही परीक्षा शेवटी घ्यावी. बोथट धार दगडावर पाजवता येते. चुकीचे पाणी आणि वाकड्या धाग्यांचा दांडा घरी दुरुस्त होत नाही.

सुरुवात दांड्यापासून करावी. कुऱ्हाड उलटी धरून दांड्याच्या टोकाकडे पाहिले की लाकडाच्या रेषा दिसतात. त्या धारेच्या दिशेने, उभ्या गेलेल्या हव्यात. आडव्या असल्या तर दांडा कमजोर. त्याहून महत्त्वाचे म्हणजे हे धागे दांड्याच्या लांबीभर सोबत राहतात की मध्येच तिरपे होऊन कडेला बाहेर पडतात. जिथे बाहेर पडतात तिथेच पुढे चीर जाते. ग्रेन्सफोर्श अमेरिकन हिकरी वापरते, कारण ते लाकूड लवचीक आणि चिवट असते. आपल्या आठवडी बाजारात पाते दांड्याविना विकत मिळते आणि जाणता माणूस धावड्याचा दांडा स्वतः निवडून घालतो. तोही नेमके हेच धागे पाहतो. रंगाने पूर्ण झाकलेला दांडा मी तरी घेणार नाही.

मग एक डोळा मिटून दांड्याच्या टोकाकडून धारेकडे नजर टाकावी. दोन्ही एका रेषेत यायला हवीत. नेढ्यात दांडा सगळीकडून घट्ट भरलेला आणि पाचर खोल बसलेली असावी. हातघडाईत दोन नग हुबेहूब सारखे नसतात, त्यामुळे थोडा फरक चालतो. फट चालत नाही.

पोलादाची परीक्षा अवघड, कारण ती डोळ्यांना दिसत नाही. ग्रेन्सफोर्शमध्ये पाते सुमारे 820 अंशांवर तापवून वाहत्या थंड पाण्यात विझवतात. त्याने ते कडक होते, पण काचेसारखे ठिसूळही. म्हणून पुन्हा सुमारे 195 अंशांवर तासभर ठेवतात आणि कडकपणा रॉकवेल मापावर 57 च्या जवळ आणतात. घरी याचा अंदाज कानशीने येतो. धारेजवळ कानस अलगद फिरवावी. ती नुसतीच घसरली तर पोलाद फार कडक, लोण्यासारखी चावली तर मऊ. कुरकुरत, नाखुशीने चावली तर बरोबर.

आता धार. उजेडात तिच्याकडे सरळ पाहावे. तीक्ष्ण धार प्रकाश परतवत नाही, चकाकणारा ठिपका दिसला तर तिथे ती बोथट किंवा मोडलेली. बोट पात्याच्या गालावरून धारेकडे, बाहेरच्या बाजूला ओढले की कधी बारीक झालर हाताला अडते. तिच्यामुळे कुऱ्हाड केस भादरते, पण चार घावांत ती झालर दुमडते आणि धार गेली असे वाटते. चामड्याच्या पट्ट्यावर ती काढून टाकावी. धारेमागचा उतारही पाहावा. जंगलातल्या कुऱ्हाडीला तो किंचित फुगीर आणि सडपातळ हवा, म्हणजे ती लाकडात खोल शिरते आणि अडकत नाही. ओंडके फोडायच्या कुऱ्हाडीला मात्र मागे रुंद होत जाणारे गाल हवेत. तिला केस भादरता आले काय, न आले काय, सारखेच.

खरा निकाल लाकडावर लागतो. आधी स्वच्छ, गाठ नसलेल्या लाकडावर घाव घालावेत, मग वाळलेल्या गाठीवर. नंतर धार पुन्हा उजेडात धरावी. कणी उडाली असेल तर पाणी जास्त झाले, धार दुमडली असेल तर कमी पडले. काहीच दिसले नाही, तर कुऱ्हाड ठेवून घ्यावी.