युनिक्समधील मुद्रण-रांग
युनिक्स व तत्सम संगणक प्रणालींत छापावयाचा मजकूर थेट प्रिंटरकडे जात नाही. तो प्रथम चकतीवर साठवून रांगेत लावला जातो व अप्रत्यक्षपणे सतत चालणारी एक आज्ञावली तो क्रमाने प्रिंटरला पुरविते. बर्कली युनिक्समध्ये तिला एलपीडी म्हणत; १९९९ मध्ये आलेल्या कप्स प्रणालीने पुढे बहुतेक ठिकाणी तिची जागा घेतली. या व्यवस्थेमुळे आज्ञा देणारा लगेच मोकळा होतो. परंतु दोषही तेथेच दडतो, कारण आज्ञा स्वीकारली गेली म्हणजे कागद छापला गेला असे नव्हे. यास्तव शोधाचा आरंभ रांगेपासून करणे इष्ट होय. कप्समध्ये एलपीस्टॅट या आज्ञेने तिची स्थिती कळते. जोडणी तुटल्यावर थांबलेली रांग, जोडणी पूर्ववत झाली तरी, अनेकदा आपोआप सुरू होत नाही. नवशिक्यांचा वेळ बहुधा येथेच जातो.

कागदावर निरर्थक चिन्हे उमटल्यास, मजकुराचे प्रिंटरच्या भाषेत रूपांतर करणारी गाळणी सहसा चुकीची नेमलेली असते. ओळी जिन्याच्या पायऱ्यांप्रमाणे उजवीकडे सरकत गेल्यास कारण निराळे असते. युनिक्स ओळीच्या शेवटी केवळ नव्या ओळीचे चिन्ह ठेवते. अनेक प्रिंटरांना मात्र डाव्या समासाकडे परतण्याचे चिन्हही स्वतंत्रपणे द्यावे लागते.