संकेतस्थळावर आले म्हणजे जपले गेले?

संशोधनाच्या ऑनलाइन भांडारांबद्दलचा सर्वांत रुजलेला समज म्हणजे एकदा इंटरनेटवर आलेला मजकूर कायमचा राहतो. २००० ते २०१९ या काळात कोणालाही विनामूल्य वाचता येणारी १७४ संशोधन-नियतकालिके इंटरनेटवरून नाहीशी झाल्याचे २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आढळले. अनेकांमागे विद्यापीठे आणि अभ्यासक-संस्था होत्या. म्हणजे मोफत वाचायला मिळणे वेगळे आणि टिकणे वेगळे. त्या दोन्हींची तजवीज स्वतंत्रपणे करावी लागते.

डीओआय किंवा हँडल हा कायमचा ओळखक्रमांक मिळाला की दुवा कधी तुटत नाही, हा समजही अपुरा आहे. भारतीय विद्यापीठांतील पीएच.डी. प्रबंधांचे भांडार ‘शोधगंगा’ प्रत्येक प्रबंधाला असा हँडल क्रमांक देते. हा क्रमांक म्हणजे नोंदवहीतील एक नोंद. फाइल दुसरीकडे हलली तर नोंदीतला पत्ता कोणीतरी बदलावा लागतो आणि फाइलच नष्ट झाली तर क्रमांक तिला परत आणू शकत नाही. २०२४ मधील एका अभ्यासात डीओआय असलेल्या सुमारे ७४ लाख प्रकाशनांपैकी जवळपास २८ टक्क्यांची प्रत प्रमुख संरक्षित साठ्यांत सापडली नाही.

‘बॅकअप आहे’ हे उत्तरही पुरेसे नसते. फाइल नकळत बिघडली तर पुढच्या बॅकअपमध्ये बिघडलेलीच प्रत जाते. म्हणून जबाबदार भांडारे प्रत्येक फाइलचा चेकसम, म्हणजे तिच्या मजकुरावरून गणिताने काढलेली खूण, नोंदवून ठेवतात आणि ठरावीक काळाने पुन्हा ताडून पाहतात. स्टॅनफर्ड विद्यापीठात सुरू झालेल्या ‘लॉक्स’ पद्धतीत वेगवेगळ्या ग्रंथालयांतील प्रती एकमेकींशी ताडल्या जातात आणि बिघडलेली प्रत चांगल्या प्रतींवरून दुरुस्त होते. एकाच इमारतीतल्या दोन प्रती आगीत किंवा पुरात एकदमच जातात, हे तर उघडच आहे.

मराठी संशोधनाच्या दृष्टीने सर्वांत घातक समज मात्र ‘पीडीएफ उघडते, म्हणजे झाले’ हा आहे. युनिकोड ही अक्षरांची सामाईक संगणकीय संकेतप्रणाली रुळण्यापूर्वीचे असंख्य मराठी प्रबंध श्री-लिपी, योगेश यांसारख्या जुन्या फाँटांत टंकलेले आहेत. वाचकाला पडद्यावर स्वच्छ देवनागरी दिसते, पण संगणकाच्या लेखी तिथे रोमन अक्षरे आणि चिन्हांची सरमिसळ असते. पानावर दहादा आलेला ‘तुकाराम’ शोधयंत्राला एकदाही सापडत नाही. नुसत्या स्कॅन केलेल्या पानात तर अक्षरेच नसतात, फक्त चित्र असते. दीर्घकालीन जतनासाठी २००५ मध्ये आलेल्या पीडीएफ-ए या आंतरराष्ट्रीय मानकात फाँट फाइलमध्येच समाविष्ट करावा लागतो. त्यामुळे पान पुढेही तसेच दिसेल, पण जुन्या फाँटातला मजकूर आपोआप शोधण्याजोगा होत नाही. त्यासाठी तो युनिकोडमध्ये आणून मूळ पानाशी ताडून तपासावा लागतो. जोडाक्षरे आणि रफार यांत चुका हमखास होतात, म्हणून हे काम मराठी जाणणाऱ्या माणसाच्या नजरेखालूनच जायला हवे. तोवर निदान शीर्षक, संशोधकाचे नाव, सारांश आणि विषयशब्द युनिकोड मराठीत नोंदवले, तरी प्रबंध अभ्यासकाच्या हाती लागू शकतो.

मुक्त उपलब्धता म्हणजे हक्क सोडणे, अशी भीती अनेक संशोधकांना वाटते. शोधगंगावरील प्रबंध क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली असतात: श्रेय द्यावे लागते, व्यापारी वापर करता येत नाही आणि त्यावर आधारलेली कृतीही त्याच परवान्याने खुली ठेवावी लागते. उघड्या प्रबंधातून चोरी वाढते, हा आक्षेप उलट्या दिशेने पाहण्यासारखा आहे. कपाटात बंद असलेल्या प्रबंधातली उचलेगिरी ताडून पाहायला कोणाकडे मजकूरच नसतो.

वाचकाला फुकट मिळते म्हणून भांडार फुकट चालते, असेही नाही. पॉल गिन्सपार्ग यांनी १९९१ मध्ये लॉस अ‍ॅलॅमॉस येथे सुरू केलेले ‘अर्काइव्ह’ हे शोधनिबंधांचे भांडार २००१ मध्ये कॉर्नेल विद्यापीठाकडे गेले. त्यानंतर त्याचा भार कॉर्नेल, सायमन्स फाउंडेशन आणि सदस्य-संस्थांनी उचलला. म्हणून भांडार निवडताना ते बंद पडल्यास साठा कोणाकडे जाईल, हे लेखी ठरले आहे का, ते पाहावे. सर्न या प्रयोगशाळेचे ‘झेनोडो’ हे भांडार आपल्या धोरणातच सांगते की प्रयोगशाळा असेपर्यंत साठा राखला जाईल आणि तिचा कार्यक्रम किमान पुढील २० वर्षांसाठी निश्चित आहे.