अफवेवर शिक्का बसतो तेव्हा

वंशसंहार या विषयावर मिळेल ते वाचायचा नाद मला फार वर्षांपासून आहे. बोईसरसारख्या कारखान्यांच्या गावात राहून आर्मेनिया, रवांडा, बोस्नियाची पुस्तकं जमवणारा माणूस मित्रांना जरा चमत्कारिक वाटतो. समाजाचा समाज शेजाऱ्याच्या जिवावर कसा उठतो, हा प्रश्न मात्र मला कधीच लांबचा वाटला नाही. त्याचं एक बीज आपल्याच पालघर जिल्ह्याच्या इतिहासात सापडतं, म्हणून सुरुवात तलवाड्यापासून करतो.

साल १९४५. डहाणू, उंबरगाव, जव्हारच्या पट्ट्यात वारली शेतकरी वेठबिगारीविरुद्ध उठले होते. लग्नापायी सावकाराकडून थोडे पैसे उचलले, की नवरा-बायको त्याच्या वाड्यावर ‘लग्नगडी’ म्हणून राबायची आणि ते कर्ज जन्मात फिटायचं नाही. मे महिन्यात झरीच्या सभेत वेठ बंद करायचं ठरलं. शामराव आणि गोदावरी परुळेकर त्या लढ्याचे नेते. वारल्यांनी बाईंना ‘गोदाराणी’ केलं होतं. ऑक्टोबरात गावोगाव निरोप फिरला: गोदाराणीची तलवाड्याला सभा आहे, जमीनदारांचे गुंड तिला मारणार आहेत, काठ्या-कोयते घेऊन या. हजारो माणसं धावली. बाई तिथे येणारच नव्हत्या. त्याच वेळी सरकारदरबारी वर्दी गेली, की वारली हत्यारं घेऊन कापाकापीला जमलेत. पोलिसांनी गोळ्या झाडल्या. जेठ्या गांगड आणि आणखी चार जण मेले. ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकात गोदावरीबाईंनी हा सगळा प्रकार लिहून ठेवला आहे.

हा वंशसंहार नव्हे, हे आधीच स्पष्ट करतो. इतका मोठा शब्द सैल हाताने वापरला तर त्याचं वजन जातं. पण तलवाड्याची रचना नीट पाहा. एकच खोटी बातमी दोन तोंडांनी दोन दिशांना गेली. वारल्यांना सांगितलं, ते तुमच्या माणसाला मारायला येताहेत. सरकारला सांगितलं, हे तुम्हाला मारायला निघालेत. जगातल्या जवळजवळ प्रत्येक वंशसंहाराच्या मुळाशी हे वाक्य असतं: ‘आपण आधी मारलं नाही, तर ते मारतील.’ मारणारा स्वतःला कधीच हल्लेखोर समजत नाही. आपण जीव वाचवतो आहोत अशी त्याची खात्री पटवलेली असते.

आता थोडी शास्त्राची माहिती. राफाएल लेमकिन या पोलिश ज्यू कायदेपंडिताने १९४४ मध्ये या गुन्ह्याला नाव दिलं. ९ डिसेंबर १९४८ रोजी संयुक्त राष्ट्रांनी त्याविरुद्धचा करार मंजूर केला आणि १९५९ मध्ये भारताने त्याला अनुमोदन दिलं. राष्ट्रीय, वांशिक, वर्णीय किंवा धार्मिक समूह पूर्णपणे किंवा अंशतः नष्ट करण्याचा हेतू असेल, तरच तो वंशसंहार. ग्रेगरी स्टँटन या अभ्यासकाने १९९६ मध्ये त्याच्या आठ पायऱ्या मांडल्या, पुढे त्या दहा केल्या: माणसांची विभागणी, त्यांच्यावर खूण, भेदभाव, त्यांना किडामुंगी ठरवणं, टोळ्यांची बांधणी, ध्रुवीकरण, तयारी, छळ, संहार आणि शेवटी ‘असं काही झालंच नाही’ म्हणणं. शाळेच्या जिन्यासारख्या त्या ओळीने चढल्या जातात असं नाही. बऱ्याचदा दोन-तीन एकदमच होतात.

मला सगळ्यात जास्त खिळवून ठेवतं ते अफवेचं प्रकरण, आणि त्यातही रवांडातलं बुगेसेरा. रवांडाचा १९९४ चा संहार बहुतेकांना ठाऊक असतो. शंभर दिवसांत सुमारे आठ लाख माणसं मारली गेली, बहुतेक तुत्सी समाजाची; मारणारे मुख्यतः हुतू समाजाचे. बुगेसेरा त्याच्या दोन वर्षं आधीचं. मार्च १९९२ मध्ये सरकारी रेडिओवरून एक पत्रक पुन्हा पुन्हा वाचलं गेलं. नैरोबीच्या एका मानवी हक्क संघटनेचा हवाला देऊन त्यात सांगितलं होतं, की तुत्सींच्या साथीदारांनी हुतू पुढाऱ्यांना मारण्याचा कट केला आहे. पत्रक बनावट होतं. लगेचच बुगेसेरा भागात कत्तल सुरू झाली आणि शेकडो तुत्सी मारले गेले. त्या काळात सरकारी रेडिओ ज्यांच्या हाताखाली होता ते फर्दिनां नाहिमाना विद्यापीठात इतिहास शिकवलेले गृहस्थ. पुढे १९९३ मध्ये सुरू झालेल्या कुप्रसिद्ध खाजगी रेडिओच्या संस्थापकांतही ते होते. तुत्सींना झुरळं म्हणणारा रेडिओ तो हाच. २००३ मध्ये आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणाने त्यांना दोषी ठरवलं.

बाजारात अशी बातमी पसरली असती, तर निम्म्या लोकांनी हसण्यावारी नेली असती. ती सरकारच्या आवाजात आली, म्हणून खरी झाली. शिवाय मारायचं कोणाला हे शोधावं लागलं नाही. बेल्जियन राजवटीने १९३० च्या दशकात प्रत्येकाच्या ओळखपत्रावर हुतू की तुत्सी हे छापून ठेवलं होतं. १९९४ मध्ये रस्त्यावरच्या नाक्यांवर तीच कार्डं तपासून माणसं बाजूला काढली. अफवा सगळ्या समाजांत असते. तिच्यावर सत्तेचा शिक्का बसला आणि हातात याद्या आल्या, की तिच्यातून संहार होतो. इतक्या वर्षांच्या वाचनानंतर माझं मत या एका वाक्यावर येऊन थांबलं आहे.

याच मापाने आपल्या जिल्ह्यातल्या गडचिंचलेकडे पाहावं लागतं. १६ एप्रिल २०२० ची रात्र, टाळेबंदीचे दिवस. कांदिवलीहून दोन साधू आणि त्यांचा चालक गुरूंच्या अंत्यदर्शनाला सुरतकडे निघाले होते. महामार्ग टाळून ते आतल्या रस्त्याने गेले, दादरा-नगरहवेलीच्या सीमेवरून परत फिरावं लागलं आणि गडचिंचलेत वनखात्याच्या चौकीपाशी जमावाने गाडी अडवली. मुलं पळवणारे, किडनी काढणारे रात्री फिरताहेत, असे संदेश त्या आठवड्यात मोबाइलवर फिरत होते. दोनच दिवस आधी जवळच्या सारणी भागात एका डॉक्टरांच्या पथकावरही हल्ला झाला होता. पोलिस येऊनही तिघांचा जीव वाचला नाही.

त्या रस्त्याने मी नंतर गेलो आहे. चारोटी सोडून कासा, मग सायवन, पुढे डोंगर आणि विखुरलेले पाडे. रात्री एखादी अनोळखी गाडी लांबूनही दिसते आणि तिचे दिवे पाड्यापाड्यातून मोजले जातात. एका वयस्क गृहस्थांनी मला सांगितलं, की त्या दिवसांत पुरुषमंडळी आळीपाळीने जागता पहारा देत होती. ही भीती खरी होती. म्हणून खुनाची जबाबदारी कमी होत नाही, पण ती समजून न घेता पुढचा खून टाळता येत नाही.

तिघांच्या हत्येनंतर दुसरी अफवा जन्मली. मारहाणीच्या चित्रफितीत कोणीतरी ‘ओय, बस’ असं ओरडतं. ते ‘शोएब, बस’ असं ऐकवून देशभर पसरवलं गेलं. आदिवासी पाड्यातल्या गुन्ह्याला एका धर्माचं नाव चिकटवायचा तो प्रयत्न होता. माझ्या मते ही दुसरी अफवा वंशसंहाराच्या वाटेला पहिलीपेक्षा अधिक जवळची. पहिलीत अनोळखी माणसाची भीती होती. दुसरीने त्या भीतीला एक समूह नेमून दिला. पण इथे शिक्का बसला नाही. राज्याचे तेव्हाचे गृहमंत्री अनिल देशमुख यांनी अटक झालेल्या १०१ जणांची यादीच जाहीर केली आणि तिच्यात एकही मुस्लिम नाही, हे स्वच्छ सांगितलं. घटनास्थळी पोलिस कमी पडले आणि काहींवर कारवाईही झाली, हे खरंच आहे. तरी सरकारने वेळेवर खोटं नाकारलं, याचं मोल मला फार मोठं वाटतं.

सरकारी खुलासा मात्र नेहमी घटनेनंतर येतो. आधी काय करता येतं, हे पाहायला भिवंडीला जावं. पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ ला वेगळा होईपर्यंत आपण आणि भिवंडी एकाच ठाणे जिल्ह्यात होतो. मे १९७० मध्ये शिवजयंतीच्या मिरवणुकीनंतर तिथे भीषण दंगल पेटली, १९८४ मध्ये पुन्हा पेटली. मग पोलिस उपायुक्त म्हणून सुरेश खोपडे आले आणि १९८८ पासून त्यांनी मोहल्ला कमिट्या बांधल्या. प्रत्येक मोहल्ल्यात दोन्ही धर्मांची माणसं, सोबत ठरलेला पोलिस शिपाई, नियमित बैठका. बैठकीत नळ, गटार, भांडणं असले रोजचे विषय असायचे. त्यामुळे एखादी अफवा आली, की ‘हे खरं का?’ असं विचारायला पलीकडच्या गल्लीत ओळखीचा माणूस असायचा. डिसेंबर १९९२ नंतर मुंबईत दंगलींत सुमारे ९०० माणसं मेली, तेव्हा भिवंडी शांत राहिली. आशुतोष वार्ष्णेय या राज्यशास्त्रज्ञानेही आपल्या अभ्यासात तिची दखल घेतली. भिवंडीचे जुने यंत्रमागवाले या कमिट्यांबद्दल बोलू लागले, की मला तिथून उठवत नाही.

आता बोईसर-तारापूर. इथल्या एमआयडीसीत उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशाचे हजारो मजूर आहेत. एकेका चाळीत चार भाषा, बाहेरच्या अंगाला आदिवासी पाडे, किनाऱ्याला मच्छीमार वस्त्या. एकमेकांना तोंडओळख आहे, पण नाव विचाराल तर सांगता येत नाही. अशा गावात अफवा पेटायला फार काही लागत नाही. १ जुलै २०१८ ला धुळ्याच्या राईनपाड्यात मंगळवेढ्याकडच्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना मुलं पळवणारे समजून मारलं. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक संदेश एका वेळी फक्त पाच ठिकाणी पुढे पाठवता येईल अशी मर्यादा घातली. यंत्रावर बंधन आलं ते बरंच झालं, पण माणसाने माणसाला विचारायची सोय त्याने होत नाही.

म्हणून मला वाटतं, पोलिस पाटील, आशाताई, मजूर आणणारा ठेकेदार, चाळीचा मालक आणि पाड्यावरचा जाणता माणूस यांनी महिन्यातून एकदा एकत्र बसावं, पाण्यावर आणि दिवाबत्तीवर बोलावं आणि एकमेकांचे नंबर घ्यावेत. ग्रामपंचायतीने आणि कासा, बोईसर, तारापूरच्या पोलिसांनी त्याचं निमित्त व्हावं. वंशसंहाराच्या सगळ्या अभ्यासातून सामान्य नागरिकाच्या हाती येणारं काम एवढंच आहे, आणि ते सणासुदीच्या गर्दीआधी सुरू करता येण्याजोगं आहे.