बिंदुसरा आणि बीड शहर : पाणी, पूर आणि नगररचना

बीड शहराच्या मध्यातून वाहणारी बिंदुसरा ही आकाराने लहान नदी आहे. बालाघाटच्या डोंगररांगेत उगम पावून ती दक्षिणेकडून शहराकडे येते, दोन्ही तीरांवरील वस्तीमधून उत्तरेकडे वाहत जाते आणि पुढे सिंदफणेस मिळते. सिंदफणा माजलगाव तालुक्यात मंजरथ येथे गोदावरीत विलीन होते. वर्षातील बरेच महिने बिंदुसरेचे पात्र जवळजवळ कोरडे असते. त्यामुळे तिच्याकडे दुर्लक्ष होणे स्वाभाविक आहे. तथापि शहराचा पाणीपुरवठा, पुराचा धोका, सांडपाण्याची विल्हेवाट आणि नव्या वस्त्यांची आखणी या चारही प्रश्नांची गाठ याच नदीशी पडते. हे प्रश्न कार्यालयीन सोयीसाठी वेगवेगळ्या खात्यांकडे विभागलेले असले, तरी ते मुळात एकच कसे आहेत, हे प्रस्तुत लेखात पाहावयाचे आहे.

वाढते शहर

पूर्वीच्या हैदराबाद संस्थानातील हा जिल्हा १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत मुंबई राज्यात आला आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्राचा भाग झाला. जिल्ह्याचे ठिकाण म्हणून शासकीय कार्यालये, न्यायालये, महाविद्यालये आणि बाजारपेठ बीड येथे एकवटली. २०११ च्या जनगणनेनुसार शहराची लोकसंख्या १,४६,७०९ होती. महाराष्ट्र नगरपरिषद अधिनियम, १९६५ अन्वये एक लाखाहून अधिक लोकसंख्येच्या नगरपरिषदा ‘अ’ वर्गात मोडतात. बीड त्यांपैकी एक होय.

१७ सप्टेंबर २०२५ रोजी, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी, बीड ते अहिल्यानगर ही रेल्वेगाडी सुरू झाली आणि जिल्ह्याच्या ठिकाणाची अनेक दशकांची मागणी पूर्ण झाली. अहिल्यानगर-बीड-परळी या २६१ किलोमीटर लांबीच्या मार्गाचा परळीपर्यंतचा टप्पा पूर्ण होईल तेव्हा दळणवळण आणखी सुलभ होईल. सोलापूर-धुळे राष्ट्रीय महामार्ग शहराजवळून जातोच. जेथे रस्ता आणि रेल्वे एकत्र येतात तेथे जमिनीचे भाव वाढतात, शेतांचे भूखंड होतात आणि वस्ती पसरते. त्याच सप्टेंबर महिन्यात मराठवाड्याने मोठी अतिवृष्टी आणि पूर अनुभवले. या दोन घटनांचा एकत्रित विचार करणे हेच नगरनियोजनाचे काम आहे.

पूर्वजांची जलव्यवस्था

पाण्याचा विचार करून वस्ती करण्याची परंपरा बीडला नवी नाही. प्राचीन कंकालेश्वर मंदिर एका जलकुंडाच्या मध्यभागी उभे आहे. शहराच्या दक्षिणेस काही किलोमीटरवर असलेली खजाना बावडी ही सोळाव्या शतकातील, अहमदनगरच्या मुर्तझा निजामशहाच्या काळातील. बीडचा जहागीरदार सलाबतखान याने ती बांधविली. भूगर्भातील कालव्यांवाटे विहिरीत पाणी येते आणि तसेच दुसऱ्या कालव्याने ते उताराच्या दिशेने शेतांकडे जाते. पाणी उपसण्यासाठी बैल लागत नाहीत की मोट लागत नाही. जमिनीचा नैसर्गिक उतार हीच येथील शक्ती होय.

या बांधकामातून घ्यावयाचा धडा साधा आहे. उतार कोणीकडे आहे, पाणी कोठे मुरते आणि कोठून वाहते, हे आधी पाहिले गेले आणि बांधकाम त्यानंतर झाले. आजच्या वस्त्यांच्या बाबतीत हा क्रम पुष्कळदा उलटा होतो. भूखंड आधी पडतात, घरे उभी राहतात आणि पावसाळ्यात पाणी कोठून जावे हा प्रश्न शेवटी उरतो.

पाणी येते कोठून?

जिल्ह्याचे सरासरी पर्जन्यमान सहाशे मिलिमीटरच्या आसपास आहे. हा पाऊस मोजक्या दिवसांत पडतो आणि दरवर्षी सारखा पडत नाही. शहरासाठी प्रथम आधार मिळाला तो बिंदुसरेवरील पाली येथील तलावाचा. हा तलाव १९५० च्या दशकात बांधण्यात आला. लोकसंख्या वाढली तसा तो अपुरा पडू लागला आणि सिंदफणेवरील माजलगाव धरणातून शहरासाठी पाणी आणावे लागले. जायकवाडी प्रकल्पाच्या दुसऱ्या टप्प्यातील या धरणाची एकूण साठवणक्षमता ४५४ दशलक्ष घनमीटर आहे. पैठणच्या नाथसागरातून उजव्या कालव्यानेही त्यात पाणी सोडता येते.

एवढे मोठे धरण असूनही २०१२-१३ आणि २०१५-१६ च्या दुष्काळांत मराठवाड्यातील इतर शहरांप्रमाणे बीडलाही तीव्र पाणीटंचाईस तोंड द्यावे लागले. गरजेचे प्रमाण समजण्यासाठी एक हिशेब उपयोगी पडेल. भुयारी गटार असलेल्या शहरासाठी दरडोई दररोज १३५ लिटर पाणी हे मान्य प्रमाण आहे. २०११ च्या लोकसंख्येस हे प्रमाण लावले तर दररोज सुमारे १ कोटी ९८ लाख लिटर पाणी लागते. घरात आलेल्या पाण्यापैकी साधारणतः ८० टक्के पाणी सांडपाणी होऊन बाहेर पडते असे धरतात. म्हणजे दररोज सुमारे १ कोटी ५८ लाख लिटर सांडपाण्याची व्यवस्था करावी लागते. त्यानंतरच्या वर्षांत शहर वाढले आहे हे लक्षात घेता हे आकडे किमान समजावेत. पाणीपुरवठ्याची प्रत्येक नवी योजना तेवढ्याच प्रमाणात सांडपाण्याचाही प्रश्न वाढविते, हे विसरता येत नाही.

गेलेले पाणी परत येते

येथे बीडच्या भूगोलातील एक महत्त्वाची गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. बिंदुसरा शहरातून पुढे जाऊन सिंदफणेस मिळते ती माजलगाव धरणाच्या वरच्या बाजूस. म्हणजे बीड शहर नदीत जे काही सोडते ते प्रवाहाबरोबर त्याच जलाशयाच्या दिशेने जाते, ज्या जलाशयातून शहराला पिण्याचे पाणी येते. वाटेत पाणी विरळ होते, काही मुरते आणि शुद्धीकरण केंद्रात त्यावर प्रक्रियाही होते. परंतु पाणी जितके अधिक दूषित, तितका शुद्धीकरणाचा खर्च अधिक. शिवाय नदीकाठच्या ज्या गावांच्या विहिरी या पात्रावर अवलंबून आहेत, त्यांच्याजवळ शहरासारखे शुद्धीकरण केंद्र नसते.

नदीत टाकलेला कचरा वाहून गेला म्हणजे तो संपला, ही समजूत म्हणूनच चुकीची आहे. इतर शहरांच्या बाबतीत ‘खालच्या अंगाचे लोक’ कोणी परके असतील; बीडच्या बाबतीत ते स्वतः बीडकरच आहेत. भुयारी गटार आणि सांडपाणी प्रक्रिया ही कामे जमिनीखालची असल्याने नागरिकांच्या नजरेस पडत नाहीत व त्यांचे उद्घाटनही फारसे गाजत नाही. तथापि रस्ते आणि पथदीप यांच्याइतकेच, किंबहुना त्यांहून अधिक प्राधान्य त्यांना मिळणे आवश्यक आहे.

१९८९ चा पूर

बहुतेक काळ कोरडी दिसणारी ही नदी कोणते रूप धारण करू शकते, याचा अनुभव शहराने जुलै १९८९ मध्ये घेतला. २३ जुलैच्या पुरात नदीकाठच्या वस्त्या पाण्याखाली गेल्या, अनेकांचे प्राण गेले आणि मालमत्तेची प्रचंड हानी झाली. त्या पिढीतील लोकांना ती आठवण अद्याप आहे. मात्र आज शहरात राहणारे पुष्कळजण त्यानंतर जन्मलेले किंवा त्यानंतर येथे आलेले आहेत. त्यांनी पाहिलेली बिंदुसरा कोरडीच आहे.

डोंगराळ उगम आणि लहान पाणलोट क्षेत्र असलेल्या नदीचा पूर झपाट्याने चढतो. एक हेक्टर क्षेत्रावर दहा मिलिमीटर पाऊस पडला तर एक लाख लिटर पाणी होते. ते शेतात किंवा माळावर पडले तर त्याचा काही भाग मुरतो. सिमेंटच्या अंगणांवर, डांबरी रस्त्यांवर आणि छपरांवर पडले तर जवळजवळ सर्वच पाणी लगेच नाल्याकडे धावते. शहर जितके पसरते तितके नाल्यांना अधिक पाणी वाहावे लागते. नेमक्या त्याच वेळी नाले बुजविले गेले किंवा अरुंद केले गेले, तर पाणी स्वतःची वाट घरांमधून काढते.

पूररेषेचा अर्थ

राज्याच्या पाटबंधारे खात्याने १९८९ च्या सप्टेंबर महिन्यात पूररेषांसंबंधी परिपत्रक काढले. त्यानुसार नदीच्या दोन्ही काठांवर दोन रेषा आखल्या जातात. सरासरी २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची ती निळी रेषा आणि सरासरी १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची ती लाल रेषा. नदीपात्र आणि निळी रेषा यांमधील क्षेत्र निषिद्ध मानले जाते. ते मैदान, उद्यान वा शेती अशा मोकळ्या उपयोगासाठीच ठेवावयाचे असते. निळ्या आणि लाल रेषेमधील क्षेत्रात बांधकामावर निर्बंध असतात.

या रेषांविषयी एक गैरसमज सर्वत्र आढळतो. ‘पंचवीस वर्षांतून एकदा’ याचा अर्थ एकदा पूर आला की पुढील पंचवीस वर्षे निर्धास्त राहावे, असा नाही. त्याचा अर्थ असा की, प्रत्येक वर्षी तसा पूर येण्याची शक्यता शंभरात चार आहे. ही शक्यता वर्षागणिक साचत जाते. निळ्या रेषेवर बांधलेल्या घराला पंचवीस वर्षांत एकदा तरी तसा पूर गाठण्याची शक्यता सुमारे ६४ टक्के ठरते. लाल रेषेवरील घरालाही तीस वर्षांत ती सुमारे २६ टक्के असते. कर्ज काढून घर बांधणाऱ्या कुटुंबाला हा हिशेब भूखंड घेण्यापूर्वीच समजला पाहिजे.

निषिद्ध क्षेत्रात राहणारे बहुतेक लोक हौसेने तेथे गेलेले नसतात. कामाच्या जवळ परवडणारी दुसरी जागा नसते म्हणून ते तेथे राहतात. म्हणून केवळ अतिक्रमणे हटविल्याने प्रश्न सुटत नाही. पर्यायी घरांसाठी सुरक्षित ठिकाणी जागा राखून ठेवणे हाही पूरनियंत्रणाचाच भाग मानला पाहिजे.

विकास योजना आणि नागरिक

महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ अन्वये नगरपरिषदेने शहराची विकास योजना तयार करावयाची असते. रस्ते, शाळा, बाजार, उद्याने यांसाठीची आरक्षणे तीत दाखविली जातात. प्रारूप योजना प्रसिद्ध झाल्यावर विहित मुदतीत नागरिकांना हरकती व सूचना दाखल करता येतात. बहुतेक हरकती स्वतःच्या भूखंडावरील आरक्षणाविषयी असतात. आपल्या वस्तीतील नाला नकाशावर दाखविला आहे काय, त्याची रुंदी कायम आहे काय, हेही विचारले गेले पाहिजे. जो नाला नकाशावर नसतो तो जमिनीवरही फार काळ राहत नाही. १९९३ मध्ये अमलात आलेल्या ७४ व्या घटनादुरुस्तीने जोडलेल्या बाराव्या अनुसूचीत नगरनियोजन, पाणीपुरवठा आणि सांडपाणी व्यवस्था हे विषय एकत्रच दिलेले आहेत.

ग्रामपंचायतींचे स्थान

शहराची हद्द जेथे संपते तेथे पाण्याची हद्द संपत नाही. बिंदुसरेच्या वरच्या अंगाच्या गावांत बांधबंदिस्ती, समतल चर आणि वृक्षलागवड झाली तर तेथील विहिरींना पाणी टिकते, तलावात जाणारा गाळ कमी होतो आणि शहराकडे येणारा लोंढाही सौम्य होतो. २०१७ मध्ये सुरू झालेल्या ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजनेने तलावातील गाळ शेतात नेण्याचा मार्ग खुला केला. त्यात तलावाचा आणि शेतकऱ्याचा, दोघांचाही लाभ आहे. शहरालगतच्या ज्या गावांत नवे भूखंड पडत आहेत तेथील ग्रामपंचायत सदस्यांनी ओढे, नाले आणि पाणंद रस्ते यांची नोंद ग्रामसभेपुढे ठेवावी. आज गावाच्या शिवारात असलेला ओढा उद्या शहराच्या वस्तीतील नाला होणार आहे.

घरोघरी आणि शाळेत

शंभर चौरस मीटरच्या छपरावर सहाशे मिलिमीटर पावसात ६० हजार लिटर पाणी पडते. गळती व बाष्पीभवन वजा जाता सुमारे ४८ हजार लिटर हाती लागते. दरडोई १३५ लिटर धरले तरी पाच माणसांच्या कुटुंबाची ही सत्तर दिवसांची गरज होय. ते टाकीत साठविले वा कूपनलिकेजवळ जमिनीत मुरविले, तर टंचाईही कमी होते आणि नाल्यावरचा भारही.

हे हिशेब शिक्षकांनी गणिताच्या आणि भूगोलाच्या तासाला विद्यार्थ्यांकडून करून घ्यावेत. शाळेच्या छपराचे मोजमाप घेणे, परिसरातील नाल्याचा नकाशा काढणे, १९८९ च्या पुराचे पाणी कोठवर आले होते हे वडीलधाऱ्यांना विचारून भिंतीवर खूण करणे, ही कामे खर्चाची नाहीत. पाण्याची ती खूण रोज नजरेस पडली तर जे ज्ञान आज वृद्धांच्या स्मरणात आहे, ते पुढच्या पिढीजवळ राहील. याच मुलांपैकी काही उद्या नगरसेवक होतील, काही अभियंते होतील आणि बहुतेकजण कोठे ना कोठे घर बांधतील. जागा निवडण्यापूर्वी नदीची रेषा पाहण्याची सवय त्यांना आताच लागली पाहिजे.